सरांसारखंच बोलले, मग तो का नाही हसला?

पत्र, थोडं आटोपतं करून:

"ताई, आजवरच्या नोकरीत मला एकच साहेब असे मिळाले, की त्यांच्या काळात रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा नाही. आता ते निवृत्त झालेत. आम्ही जुनी मंडळी भेटलो की थोड्या वेळात विषय सरांवर येतोच. एकदा माझ्या हातून क्लायंटला चुकीची फाईल गेली, तीही आमच्या आतल्या शेऱ्यांसकट. 'हे फार घासाघीस करतात, आधी चढाच आकडा सांगा' हे वाक्य थेट त्यांच्याच इनबॉक्समध्ये! मी रडवेली होऊन केबिनमध्ये गेले. सरांनी मेल वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'चला, म्हणजे आता चढा आकडा सांगताना चेहरा सरळ ठेवायचे कष्ट वाचले.' मग माझ्यादेखत फोन लावला. 'माझ्या खात्याकडून चूक झालीय, तुम्ही चिडून फोन करायच्या आत म्हटलं आपणच करावा.' माझं नाव कुठंही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती फाईल गेली कशी, हे त्यांनी मला शेजारी बसवून पायरी-पायरीनं विचारलं.

दुसरा प्रसंग. वरून आलेले एक बडे साहेब मीटिंगमध्ये आमच्यावर ओरडत होते. सर वहीत शांतपणे लिहून घेत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, 'तिसरा मुद्दा निसटला माझा, परत सांगता का?' ते गृहस्थ तिसरा मुद्दा आठवू लागले आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

आता मी टीमची प्रमुख आहे. आमच्यातल्या एका मुलाचा रिपोर्ट लागोपाठ तिसऱ्यांदा उशिरा आला. मीटिंगमध्ये मी म्हटलं, 'अरे वा, आला का रिपोर्ट? मला वाटलं, माझ्या निरोप समारंभालाच मिळणार!' सगळे हसले, तो सोडून. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. सर अगदी असंच काहीतरी बोलले असते, असं मला अजून वाटतं. मग चुकलं कुठं?

माझे सध्याचे साहेब वाईट नाहीत, पण कोरडे. मनातल्या मनात रोज तुलना होते. सरांना फोन करावासा वाटतो, पण इतक्या दिवसांनी काय म्हणून करू? त्यांना मी आठवेन का? की काहीतरी काम काढलंय असं वाटेल?

– सरांच्या हाताखालची"

प्रिय 'सरांच्या हाताखालची',

निरोप समारंभाचं तुमचं वाक्य चांगलं जमलंय, आधी तेवढं मान्य करते. सरांच्या तोंडी ते शोभलंही असतं. फक्त सर ते भर मीटिंगमध्ये, त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून बोलले असते, असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तुम्ही दिलेले दोन्ही किस्से परत वाचून बघा. फाईलच्या वेळी केबिनमध्ये तुम्ही दोघंच होतात आणि ते हसले ते तुमच्या खात्याच्या लबाडीला, म्हणजे पर्यायानं स्वतःलाच. चढा आकडा सांगणाऱ्यांत तेही होतेच की. मीटिंगच्या वेळी लोक भरपूर होते, पण तिथं त्यांनी गंमत केली ती त्यांच्याहून वरच्या माणसाची, आणि तीही इतकी सभ्य, की त्या माणसाला ती गंमत आहे हे तरी कळलं असेल का कोण जाणे. तुमच्या हातून नेमका तोच एक धागा सुटला. खोली भरलेली, पगारवाढीचा कागद तुमच्या हातात आणि नेम तुमच्याहून खालच्या माणसावर. सगळे हसले म्हणता, पण साहेबांच्या विनोदाला हाताखालची माणसं हसतातच. त्या हसण्यावर फार विसंबू नका. त्यातल्या निम्म्यांच्या मनात 'बरं झालं, आज आपण नव्हतो' एवढंच असणार.

विनोदाची ही वर्गवारी अभ्यासकांनीही करून ठेवली आहे. रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली लोकांच्या विनोदाचे चार प्रकार मांडले. माणसं जोडणारा, अडचणीत स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. तुमच्या सरांचा विनोद पहिल्या दोन घरांत बसतो. तुमचा त्या दिवशी तिसऱ्या घरात गेला. वाक्य तेच राहून घर बदलू शकतं, म्हणून तर इतकी पंचाईत होते. हेच वाक्य तुम्ही तुमच्या बरोबरीच्या मैत्रिणीला तिच्या उशिराबद्दल म्हटलं असतं, तर तिनं तुम्हाला तितकंच खमंग उत्तर दिलं असतं आणि विषय संपला असता. त्या मुलाला उलट उत्तर द्यायची सोय नव्हती.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. सर जे बोलले ते तुम्ही शब्दन् शब्द लिहिलंत आणि पुढे त्यांनी जे केलं ते जवळजवळ ओघात सांगून टाकलंत. माझ्या मते खरा किस्सा तिथं आहे. चष्मा काढला, एक वाक्य बोलले आणि लगेच फोन उचलला. समजा, वाक्य बोलून त्यांनी तुम्हाला 'जा आता, बघा काय ते' म्हणून बाहेर पाठवलं असतं. तुम्ही ते वाक्य इतक्या प्रेमानं जपून ठेवलं असतं का? तुम्ही त्यांना 'मला संकटात सोडून कोट्या करणारा माणूस' म्हणाला असता. त्या वाक्याच्या पाठीमागे फोन होता, फोनच्या पाठीमागे दुसऱ्या दिवशीची ती चौकशी होती. गंमत करणारा माणूस हातातलं काम सोडून कुठंही गेलेला नाही, ही खात्री होती म्हणून तुमचं रडू थांबलं.

या जातीचं मला माहीत असलेलं सगळ्यात टोकाचं उदाहरण आकाशातलं आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट २३२ या डीसी-१० विमानाचं शेपटीकडचं इंजिन हवेत फुटलं. त्याच्या तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. विमान वळवायची, वर-खाली करायची नेहमीची साधनं त्यामुळे गेली. पंखांखालच्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून ते कसंबसं हाकायचं, एवढंच हातात उरलं. कॅप्टन होते अल हेन्स. विमान अमेरिकेतल्या सू सिटीच्या विमानतळाकडे येत असताना नियंत्रण कक्षानं त्यांना सांगितलं, कुठल्याही धावपट्टीवर उतरायची परवानगी आहे. हेन्स हसले. म्हणजे धावपट्टीवरच उतरावं असा तुमचा आग्रह आहे तर, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. हे संभाषण ध्वनिमुद्रित आहे. विमानात २९६ माणसं होती. ११२ जण दगावले, १८४ वाचले. पुढे तज्ज्ञ म्हणाले की त्या स्थितीत इतकेजण वाचणं हेच आश्चर्य.

हे उदाहरण मी त्या एका वाक्यासाठी दिलं नाही. प्रवाशांमध्ये डेनिस फिच नावाचे त्याच कंपनीचे प्रशिक्षक वैमानिक बसले होते. ते मदतीला पुढे आले आणि हेन्सनी त्यांच्या हाती इंजिनांचा जोर कमी-जास्त करायच्या तरफा सोपवल्या. कॅप्टनचं तेवढं खरं आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं, ही जुनी पद्धत मोडणारं प्रशिक्षण त्या कंपनीत आधीपासून सुरू होतं आणि वाचलेल्या जिवांचं श्रेय हेन्स नंतर कायम त्या प्रशिक्षणाला देत राहिले. कॉकपिटमध्ये हसू शकणारा माणूस आणि 'ये, तू धर' म्हणू शकणारा माणूस एकच होता, यात मला नवल वाटत नाही. ज्याला सतत आपणच बरोबर आहोत हे सिद्ध करायचं नसतं, त्याला दोन्ही जमतं. तुमचे सर बड्या साहेबांचे मुद्दे खरंच वहीत उतरवून घेत होते, हे विसरू नका. तिसरा मुद्दा त्यांना खरोखर हवा होता. नुसतं नाटक असतं तर समोरच्याचा आवाज आणखी चढला असता.

शांतपणाबद्दलही थोडं बोलू. असे साहेब पाहिले की आपण म्हणतो, काय बाई यांचा स्वभाव, राग कसा तो येतच नाही. मला हे कधीच पटत नाही. राग येतो. काही माणसं तो कुठं ठेवायचा हे शिकलेली असतात. अब्राहम लिंकन गोष्टीवेल्हाळ आणि मिश्किल म्हणून प्रसिद्ध होते. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर शत्रूचं सैन्य हातचं निसटू दिलं म्हणून ते आपलेच सेनापती जनरल मीड यांच्यावर इतके संतापले, की १४ जुलैला त्यांनी मीडना उद्देशून एक जळजळीत पत्र लिहून काढलं. मग ते ठेवून दिलं. पाकिटावर नोंद केली, की हे कधी पाठवलं नाही, त्यावर सही केली नाही. फाईल गेल्याचा मेल वाचल्यावर तुमच्या सरांनी चष्मा काढून ठेवला ना? मला तर तिथं ते पाकीट दिसतं. तेवढ्या दोन-चार सेकंदांत काहीतरी लिहिलं गेलं आणि पाठवलं गेलं नाही. तुम्ही समोर होतात आणि तुम्हाला फक्त चष्मा दिसला.

यावर तुम्ही म्हणाल, मग मीही गिळत जाईन. तसं नका करू. दात-ओठ आवळून चेहरा कोरा ठेवणं हा शांतपणा नव्हे, आणि तो समोरच्याला लगेच कळतो. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या एका प्रयोगात अनोळखी बायकांच्या जोड्यांना एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवून तिच्यावर बोलायला बसवलं होतं. काही जोड्यांतल्या एकीला आपल्या भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याची सूचना होती. अशा बाईच्या समोर बसलेल्या दुसरीचा रक्तदाब वाढला. तिला काहीही सांगितलेलं नव्हतं, तरीसुद्धा. तेव्हा त्या मुलाचा रिपोर्ट चौथ्यांदा उशिरा आला आणि तुम्ही ओठ घट्ट मिटून 'ठीक आहे' म्हणालात, तर त्या टोमण्यापेक्षा फार बरं काही घडणार नाही. त्यापेक्षा सरळ सांगा, 'मला याचा त्रास झालाय. आपण दुपारी बोलू.' दुपारपर्यंत तुमचंही डोकं निवलेलं असेल आणि त्यालाही तयारीला वेळ मिळेल.

त्याच्याशी काय बोलायचं? एकटा गाठा, केबिनमध्ये, दार लावून. 'त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोलले ते बोलायला नको होतं.' एवढंच. त्यात 'पण तूही तीनदा उशीर केलास' हे जोडू नका. आणि कृपा करून तिथं विनोद करू नका, कितीही चांगला सुचला तरी. तो 'नाही नाही मॅडम, त्यात काय' म्हणेल, त्याला म्हणू द्या. उशिराचा विषय वेगळा आहे, तो दुसऱ्या दिवशी काढा, आणि सरांनी फाईलबद्दल काढला होता तसा. कुठल्या पायरीला रिपोर्ट अडतो? आकडे त्याला कुणाकडून मिळतात आणि कधी मिळतात? तीनदा लागोपाठ उशीर होतो तेव्हा बऱ्याचदा आळस हे कारण नसतं. त्याच्या आधीच्या टेबलावर काहीतरी तुंबलेलं असतं आणि नवा मुलगा दुसऱ्या खात्यातल्या ज्येष्ठ माणसाचं नाव घ्यायला घाबरत असतो. असं निघालं, तर त्या दुसऱ्या खात्याला फोन तुम्ही करायचा. आणि निव्वळ आळस निघाला, तर तसं स्पष्ट सांगायचं, लेखी द्यायची वेळ आली तर तेही द्यायचं. मऊ बोलणारा साहेब म्हणजे काहीही चालवून घेणारा साहेब, असा गैरसमज टीमचा होऊ देऊ नका. तुमच्या सरांबद्दल कुणाचा झाला होता का?

विनोद करणं सोडू मात्र नका. लोक एकदा पोळले की एकदम परीटघडीचं बोलायला लागतात आणि टीमला ते आणखी जड जातं. काही दिवस निशाण्यावर स्वतःला ठेवा किंवा त्या दिवसाच्या गोंधळाला. त्या मुलानं स्वतःहून तुमची थट्टा केली, की समजा सगळं रुळावर आलं.

सध्याच्या साहेबांविषयी मी फार लिहीत नाही, कारण तुमच्या तक्रारीत मला दम वाटला नाही. कोरडे आहेत, बरं. स्वतःचं काम खाली ढकलतात का? चुका तुमच्यावर ढकलतात का? तसं काही तुम्ही लिहिलं नाहीत. शिवाय आठवणीचीही एक खोड आहे. टेरेन्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सहलीला जाणाऱ्या लोकांना आधी, प्रवासात आणि नंतर प्रश्न विचारले. त्यात कॅलिफोर्नियात तीन आठवडे सायकलवर फिरलेली मुलंही होती. प्रत्यक्ष प्रवासात लोक कुरकुरत होते, आणि घरी परतून थोडे दिवस गेले की तीच सहल छान झाल्याचं सांगत होते. सरांच्या काळातही कधी अप्रेझल मनासारखं झालं नसेल, कधी त्यांची कोटी नको त्या वेळी आली असेल. जुनी मंडळी भेटता तेव्हा ते किस्से निघत नाहीत, आणि निघूही नयेत. पण निवृत्त माणसाच्या निवडक किश्शांशी रोज केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाची तुलना केली, तर समोरचा बिचारा कायमच हरणार. या साहेबांचं एखादं काम नीट बघा. कदाचित ते मेलला वेळेवर उत्तर देत असतील. माझ्या लेखी तोही मोठा गुण आहे.

आता फोनचं. पत्राच्या शेवटी दोन ओळींत उरकलात, पण मुळात त्याच्यासाठीच लिहायला बसला होतात, असा माझा संशय आहे.

करा. त्याहून चांगलं म्हणजे लिहा. फोनवर 'कसे आहात, तब्येत काय म्हणते' यातच वेळ जातो आणि मुख्य गोष्ट बोलायला जीभ रेटत नाही. तुम्हाला वाटणारा संकोच जवळजवळ सगळ्यांनाच वाटतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एखाद्या व्यक्तीचे आभार मानणारं पत्र लिहायला लावलं आणि ते वाचून तिला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांना खरंच काय वाटलं ते विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की समोरचा अवघडून जाईल. समोरचे त्या मानानं फारच कमी अवघडले आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावले. लिहिणारे शब्द नीट जमतील का या काळजीत होते, वाचणाऱ्यांना त्यातला जिव्हाळा पोचला होता.

'काय म्हणून करू' याचं उत्तर तुम्ही मला लिहिलेल्या पत्रातच आहे. 'तुम्ही फार चांगले साहेब होतात' हे त्यांनी निरोप समारंभात हारांसोबत भरपूर ऐकलं असेल, त्यातलं त्यांच्या काही लक्षात राहिलं नसेल. त्यांना फाईलचा प्रसंग लिहा. ते काय म्हणाले, फोनवर काय म्हणाले, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं. शक्यता आहे की तो प्रसंग ते साफ विसरले असतील. त्यांच्यासाठी तो कामाचा एक दिवस होता. म्हणूनच तो तुमच्याकडून कळू द्या. तुम्ही आता टीम सांभाळता हे लिहा, रिपोर्टवाल्या मुलापुढे झालेली तुमची फजितीही लिहा. ते खूश होतील, आणि त्यावर एखादी ओळ तुम्हाला नक्की ऐकवतील. ओळख लागेल का म्हणून धाकधूक असेल तर पहिल्याच वाक्यात नाव, खातं आणि साधारण वर्षं टाका, म्हणजे त्यांना डोकं खाजवावं लागणार नाही.

काम काढल्याचा संशय येऊ नये यासाठी एकच पथ्य. या पत्रात कसलीही विनंती ठेवू नका. शिफारसपत्र नको, कुणाला शब्द टाकायला नको, भेटीची वेळसुद्धा नको. 'उत्तर नाही दिलंत तरी चालेल' असं लिहिलंत तर मनापासून लिहा, आणि नाहीच आलं तर परत चौकशी करू नका. निवृत्त माणसांच्या दिवसाचंही स्वतःचं एक वेळापत्रक असतं.

जुन्या मंडळींना सांगितलंत तर ते म्हणतील, चला, आपण सगळे मिळून एकच पाठवू. त्यांना म्हणावं, तुमचं तुम्ही पाठवा. सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या पत्रात कुणाचाच किस्सा धड येत नाही, आणि शेवटी ते 'आपले विनम्र' वर येऊन थांबतं. पत्ता किंवा नंबर बदललेला असेल तर तेवढा मात्र त्यांच्याकडूनच घ्या.

– ताई